पोपट खिल्लारेंच्या घरचं वाघूळ

घरी कोण कोण असतं, असं कुणी विचारलं की पोपटराव खिल्लारे सवयीने म्हणायचे, "मी आणि मिसेस." मग जरा थांबून, "म्हणजे मिसेस सध्या पुण्याला असते. मुलीकडे." या 'सध्या'ला वर्ष होत आलं होतं.

भांडण वगैरे काही नव्हतं. अस्मिताचे, म्हणजे त्यांच्या मुलीचे, दिवस भरत आले तेव्हा चांगुणाबाई एक बॅग भरून वाकडला गेल्या. दोन महिन्यांनी येते म्हणाल्या. बाळ झालं, त्याचं नाव केयूर ठेवलं. अस्मिताची रजा संपली, जावई अंकुशला कंपनी लवकर सोडेना, आणि एवढ्याशा जिवाला पाळणाघरात कसं टाकायचं म्हणून दोनाचे चार महिने झाले. पुढे महिने कुणी मोजले नाहीत. ऐरोलीचं वन रूम किचन पोपटरावांकडे राहिलं.

दिघ्याच्या पट्ट्यात रंगाचा एक कारखाना होता, तिथे ते स्टोअरला होते. कारखाना गुजरातेत हलला तेव्हा ज्यांना जायचं नव्हतं त्यांना मोकळं केलं, त्यात हेही मोकळे झाले. वय छप्पन्न. दुसरी नोकरी मिळायचं वय गेलेलं आणि नुसतं बसून राहायचं अजून आलेलं नाही, असं ते अडनिडं वय. त्यात स्वभाव मुळात अबोल. स्टोअरच्या खिडकीशी माणूस यायचा तो वस्तू मागायला. "घ्या, सही करा," एवढ्यावर त्यांचा अख्खा दिवस निघायचा, आणि तिथे तो गुणच समजला जायचा. घरी बोलायचं खातं चांगुणाबाईंचं. त्या गेल्या आणि घरातलं बोलणंच गेलं. भांडं एकच घासायला लागावं म्हणून पोपटराव कुकरच्या डब्यातच जेवायला लागले होते. कुणी बघणारं नव्हतं, म्हणून ते कुणाला विचित्रही वाटलं नाही.

चौदा एप्रिलला विहारात खीर वाटताना ते तासभर उभे होते, आणि 'वहिनी कधी येणार?' या प्रश्नाला पाच-सहा जणांना तेच ते उत्तर देऊन घरी आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे गावठाणातल्या तळ्याकडे फिरायला गेले. तळ्याच्या काठाला एक वड आहे आणि दोन जुन्या चिंचा. तिन्ही झाडांवर वटवाघळांची वस्ती. लांबून बघितलं तर फांद्यांना काळ्या पिशव्या टांगल्यासारख्या दिसतात. इतकी वर्षं पोपटराव त्या झाडांखालून जात होते, पण थांबून वर बघायचं कधी सुचलं नव्हतं.

त्या दिवशी रस्त्याच्या कडेला तीन-चार माणसं गोळा झाली होती. विजेच्या दोन तारांना एकदमच पंख लागून वाघळाची एक मादी खाली पडली होती. मेलेली. पंखांच्या कडा करपलेल्या. झाडूवाला म्हणाला, घंटागाडी आली की टाकतो. तेवढ्यात तिच्या काखेत काहीतरी हललं. पोपटराव वाकले. काखेत मुठीएवढं पिल्लू होतं, आईला घट्ट धरून बसलेलं. कुत्र्याच्या पिल्लासारखं तोंड, तांबूस लव, आणि डोळे मात्र केवढाले. ते डोळे उघडे होते आणि सरळ पोपटरावांकडे बघत होते.

"घंटागाडीत नको टाकू," पोपटराव म्हणाले. "जिवंत आहे."

खाडीकडच्या कुंपणावर वन खात्याच्या फलकावर एक नंबर असतो, तो त्यांनी शोधून लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, डॉक्टर येतील, तोपर्यंत हात लावू नका, सावली करा, कावळ्यांपासून सांभाळा. मग पोपटरावांनी छत्री उघडून जमिनीवर आडवी ठेवली आणि शेजारी दगडावर बसून राहिले. कावळे सारखे येत होते. माणसं हळूहळू पांगली. जाता जाता ओळखीचा एक जण म्हणालाच, "काय पोपटराव, वाघळाची राखण?" ते नुसते हसले.

डॉक्टर म्हणजे तिशीच्या आतली एक मुलगी निघाली. डोक्याला स्कार्फ, स्कूटरच्या पुढ्यात प्लास्टिकचा खोका. बुशरा धनसे तिचं नाव, उरणकडची. दिघ्याच्या मागे डोंगराच्या पायथ्याशी जखमी प्राण्यांचं एक छोटं केंद्र होतं, ते ती चालवायची.

"हात लावलात का काका?"

"नाही. कावळे हाकलले फक्त."

जाड हातमोजे घालून ती पिल्लाची एकेक नखी आईच्या अंगातून सोडवायला लागली. एक सुटली की पिल्लू दुसरी रोवायचं. "सोडायलाच तयार नाही बघा. उडताना पण ही आईला असंच धरून असतात." मग मान वर न करता तिने विचारलं, "घरी कोण असतं तुमच्या?"

"मी आणि मिसेस. म्हणजे मिसेस सध्या पुण्याला…"

"म्हणजे एकटेच."

वर्षभरात हा शब्द त्यांच्यासमोर कुणी उच्चारला नव्हता. "हो," ते म्हणाले.

"वेळ असतो का? माझ्याकडे माणसं कमी आहेत, आणि उन्हाळा तर आत्ता सुरू होतोय."

"वेळच आहे," पोपटराव म्हणाले.

पहिल्या दिवशी ते केंद्रात गेले ते पिल्लू जगलं का एवढंच विचारायला. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगण झाडलं. चौथ्या-पाचव्या दिवशी फळं चिरायला बसले. पत्र्याच्या तीन खोल्या आणि मागे जाळीचा मोठा पिंजरा, एवढाच पसारा. बुशराने त्यांना आधी कुत्रं चावल्यावर देतात त्या लसीची इंजेक्शनं घ्यायला लावली, मग हातमोजे दिले आणि मगच सिरिंज हातात दिली. मे महिना लागला तशी उन्हाने वाघळं झाडावरून पडायला लागली. रोज एखादं पिल्लू यायचं. खोलीतला पत्रा तापायचा. तळ्याकाठचं ते पहिलं पिल्लू सगळ्यांत अशक्त होतं. त्याला दर तीन तासांनी दूध लागायचं आणि तेवढा हात कुणाचा रिकामा नव्हता. शेवटी बुशराने वन खात्याकडून परवानगी काढली आणि ते पिल्लू पोपटरावांच्या स्वाधीन केलं.

"हे सरकारचं पिल्लू आहे हां काका," तिने बजावलं. "तुमचं नाही, माझंही नाही. नाव ठेवायचं नाही. मांडीवर घेऊन गप्पा मारायच्या नाहीत. आपल्याला ते परत झाडावर पाठवायचंय."

"गप्पांचं टेन्शन घेऊ नका," पोपटराव म्हणाले.

घरी आणल्यावर त्यांनी जुन्या मलमलीचा तुकडा काढला. पिल्लाला त्यात गुंडाळून, कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवून, सिरिंजच्या टोकाला लावलेल्या रबरी बोंडल्यातून ते थेंब थेंब दूध पाजायचे. पिल्लाला कुणाच्या तरी अंगाला चिकटून राहायला लागायचं. म्हणून बुशराने शिवून दिलेली एक झोळी ते सदऱ्यावरून छातीशी बांधायचे. त्यात ते दिवसदिवस पडून असायचं. पोपटराव भात लावायचे, कपडे पिळायचे, पेपर वाचायचे, आणि छातीशी तो छोटासा ऊबदार भार असायचा.

अंगात जरा जीव आल्यावर कपडे वाळत घालायच्या स्टँडवर टॉवेल टाकून त्यांनी त्याला उलटं टांगायला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, त्याचं ते शिकलं. शू करायची वेळ झाली की ते पंखांवरच्या अंगठ्यांच्या नख्यांनी लोंबकळून सुलटं व्हायचं, डोकं वर, पाय खाली. काम उरकलं की पुन्हा उलटं. स्वतःचं अंग भिजू नये म्हणून एवढी कसरत. पोपटरावांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना मोठ्याने हसू आलं. रिकाम्या घरात तो आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

चांगुणाबाईंचा रोज संध्याकाळी फोन यायचा. जेवलात का, गोळी घेतलीत का, लाईट बिल भरलं का, हे तीन प्रश्न झाले की त्या फोन केयूरच्या पुढ्यात धरायच्या. एका संध्याकाळी पोपटरावांनी आपला फोन स्टँडकडे वळवला.

"अगं बया! काय हाय ते?"

"वाघळाचं पिल्लू. आई गेली त्याची."

"घरात? काय करायलात तुमी? माझ्या घरात वाघूळ?"

"थोडेच दिवस."

"वाघूळ शिरलं की घर ओस पडतंय. माझी आजी सांगायची."

"आपण असलं मानतो का?"

"मानत नाही," चांगुणाबाई म्हणाल्या. "पण ओस पडतंय."

आता ओस पडायचं राहिलंय काय, हे पोपटरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते म्हणाले, "गोळी घेतली."

बिल्डिंगमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या बिऱ्हाडाने चपलांचा स्टँड आपल्या बाजूला ओढून घेतला. सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रशेखर जिन्यात भेटले तेव्हा एक पायरी खालीच थांबून म्हणाले, "खिल्लारे, पोपटाच्या घरी वाघूळ, हे काय नवीन?" विनोदच होता, पण हसून झाल्यावर त्यांनी परवानगीचा कागद दाखवायला सांगितला. दाखवल्यावर मान हलवली. त्यानंतर मात्र दुपारचा चहा घ्यायला हाक मारेनासे झाले.

मग अस्मिताचा फोन आला. तिने बरंच काही वाचून काढलेलं होतं. वाघळांपासून कसले आजार होतात, कुठे कुठे झाले.

"डॉक्टरने तपासलंय त्याला. मी लस घेतलीय, हातमोजे घालतो."

"तुम्ही सगळं नीटच करत असाल पप्पा. पण केयूर लहान आहे ना. ते घरात असेपर्यंत इकडे नका येऊ. प्लीज."

"वाढदिवसाला?"

"व्हिडिओ कॉल करू ना आपण."

केयूरचा पहिला वाढदिवस मेच्या शेवटी होता. पोपटरावांनी बुशराला विचारलं. ती म्हणाली, "मुलगी चुकीचं बोलत नाहीये काका. शंका असेल तर लांब राहिलेलंच बरं. तुम्ही पिल्लू मला आणून द्या. मग दोन आठवडे जाऊ देत आणि बिनधास्त जा. कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही."

वाढदिवसाला अजून अवकाश होता. त्यांनी खोका काढला, तळाशी कापड अंथरलं. झोळीत हात घातला तर पिल्लाने सदऱ्याच्या काजात नखी अडकवून ठेवलेली. उद्या देऊ, ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याने प्रथमच पपईचा गर चोखून चोथा थुंकला होता, म्हणून तोही दिवस तसाच गेला. उद्या देऊ, उद्या देऊ म्हणता म्हणता ते दोन आठवडे निसटले. ठरवून त्यांनी काहीच निवडलं नव्हतं. झालं मात्र निवडल्यासारखं.

वाढदिवसाच्या संध्याकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि फोन समोर धरून बसले. अंकुशने पलीकडचा फोन फुलदाणीला टेकवून ठेवला. "जयभीम मामा, दिसतंय ना सगळं?" फुगे दिसत होते, माणसं दिसत होती, अस्मिताच्या कडेवर डोक्यावर कागदी टोपी घातलेला केयूर दिसत होता. केक कापला, टाळ्या झाल्या, पोपटरावांनीही इकडे टाळ्या वाजवल्या. मग ताटं मांडताना कुणीतरी फोन उचलला आणि आत ओट्यावर उताणा ठेवून दिला. आता पडद्यावर फक्त पंखा होता, गरगर फिरणारा.

कॉल चालू आहे हे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. वाट्यांचा आवाज येत होता. कुणीतरी पाहुणी बाई म्हणाली, "आजोबा नाही आले?"

"त्यांचं काय हाय," चांगुणाबाईंचा आवाज आला, "त्यांना माणसं कधी लागलीच नाहीत. एकटेच बरे राहतेत ते. आता तर काय, वाघूळ हाय सोबतीला." बायका हसल्या. चांगुणाबाईंच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ह्यांना कारलं आवडत नाही, असं सांगावं तितक्या सहज त्या म्हणाल्या होत्या.

पोपटराव पंख्याकडे बघत राहिले. फोन बंद केला तर तिकडे आवाज होईल आणि त्यांनी ऐकलं हे कळेल, म्हणून त्यांनी तो बंदही केला नाही. बऱ्याच वेळाने पडदा आपोआप काळा झाला. झोळीतलं पिल्लू भुकेने चिकचिकत होतं. त्याची दुधाची वेळ टळून गेली होती.

त्यानंतर कित्येक दिवस ते वाक्य त्यांच्या मागे मागे फिरत होतं. भाजी चिरताना, कडी लावताना. चांगुणाबाईंनी तीस वर्षं त्यांच्याबरोबर काढली होती. त्यांच्याइतकं पोपटरावांना कोण ओळखणार? तीस वर्षं त्या बोलत होत्या आणि ते ऐकत होते, मन लावून ऐकत होते. पण ऐकतोय हेसुद्धा कधीतरी बोलून दाखवायला लागतं, ते राहूनच गेलं होतं.

जुलैत पिल्लू स्टँडवरून पडद्याच्या दांडीवर झेप घ्यायला लागलं. पंख पसरले की घर कमी पडायचं. भिंतीवर चिकूच्या चोथ्याचे डाग पडले, कॅलेंडर दोनदा खाली आलं. बुशरा बघायला आली आणि म्हणाली, "झालं काका. आता याला पिंजऱ्यात बाकीच्यांबरोबर ठेवायचं." ओळख पटावी म्हणून तिने त्याच्या पायाच्या एका नखीला निळं नेलपॉलिश लावलं आणि ते घेऊन गेली.

पिंजऱ्यात आणखी अकरा पिल्लं होती. ती सगळी एका कोपऱ्यात एकमेकांना खेटून टांगलेली असायची. हे एकटंच दाराशी. त्याने जन्मल्यापासून जवळून बघितलेलं वाघूळ म्हणजे मेलेली आई, बाकी सगळी माणसंच. पोपटराव आले की ते जाळीवरून उलटं चालत त्यांच्याकडे यायचं आणि ओरडायचं. ते गेले की दिवसभर दारालाच. फळं तशीच राहायची.

"तुम्ही येऊ नका थोडे दिवस," बुशरा एकदा म्हणाली. म्हणताना तिने नजर फळांच्या ताटलीवरच ठेवली होती. "तुम्ही दिसत राहिलात तर हे त्यांच्यात जाणार नाही."

"बरं."

"राग नाही ना आला काका?"

"नाही. बरोबर आहे."

उतारावरून खाली येताना त्यांच्या मनात आलं, तीन महिन्यांत दोघींनी येऊ नका म्हणून सांगितलं, आणि दोघींचंही बरोबर. घरी येऊन त्यांनी कपड्यांचा स्टँड घडी करून दाराआड ठेवला. भिंतीवरचे डाग पुसायला फडकं भिजवलं आणि तसंच पिळून वाळत घातलं. दर तीन तासांनी अजून जाग यायची. उठून ते पाणी प्यायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे.

दोन आठवडे उलटल्यावर त्यांनी अस्मिताला फोन केला. "येऊ का?"

"पप्पा, विचारता काय? या ना!"

केयूर आता चालत होता. आजोबांना बघून त्याने भोकाड पसरलं आणि आजीच्या साडीत तोंड लपवलं. पोपटरावांची पथारी हॉलमधल्या सोफ्यावर पडली. सकाळी अस्मिता आणि अंकुश ऑफिसला गेले की घरात तिघंच. पोपटराव जिथे बसतील तिथे काहीतरी उचलायचं असायचं, पुसायचं असायचं. चांगुणाबाईंचा हात क्षणभर रिकामा नव्हता. आणि तोंड तर सारखं चालूच, सगळं त्या पोराशी. दुपारी त्या दुधाचा थेंब मनगटावर टाकून बघत होत्या.

"मी पण असंच बघायचो," पोपटराव म्हणाले.

चांगुणाबाईंनी वळून बघितलं. "वाघळाला?"

"हो. जास्त गरम झालं की तोंड फिरवायचं."

त्या हसल्या. खरंखुरं हसल्या. "दात होते का हो त्याला?" त्यांनी विचारलं, आणि पोपटराव सांगायला लागले. दात, नख्या, सुलटं होऊन शू करायची तऱ्हा, पपईचा चोथा, छातीशी बांधलेली झोळी. केयूर आजीच्या मांडीवर झोपला तरी त्यांचं सांगणं चाललंच होतं. एवढं सलग ते लग्नानंतर तरी कधी बोलले नसतील. बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, "त्या दिवशी फोन चालूच राहिला होता. वाढदिवसाला."

पोराला थोपटणारा चांगुणाबाईंचा हात थांबला. त्यांना आठवायला वेळ लागला नाही. नाही म्हणाव्यात असा त्यांचा स्वभाव नव्हता. "मग खोटं बोलले का मी?"

पोपटरावांनी झोपलेल्या केयूरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "तू परत कधी येणार?"

"हे आज विचारायलात?" चांगुणाबाईंचा आवाज बारीक झाला. "सव्वा वर्ष झालं. एकदा तरी म्हणलात का, ये म्हणून? मी म्हणलं, ह्यांचं बरं चाललंय."

"मला वाटलं, तुला इथं करमतंय."

"करमायचं काय त्यात? काम हाय."

खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला, केयूर दचकून उठला आणि रडायला लागला. चांगुणाबाई त्याला खांद्यावर घेऊन उठल्या. ते बोलणं तिथेच राहिलं. पोपटराव आणखी दोन दिवस होते, पण ते पुन्हा निघालं नाही. निघताना चांगुणाबाईंनी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि दारात म्हणाल्या, "दोन वर्षांचा झाला की पाळणाघरात घालतो म्हणतेत. मग बघू."

परत आल्यावर ते केंद्रात गेले. पिंजऱ्याच्या दाराशी कुणी नव्हतं. कोपऱ्यातल्या घोळक्यात त्यांनी एकेक पाय बघितला. निळी नखी अगदी मध्ये होती, दोन्ही बाजूंनी खेटलेल्या पंखांत. पिल्लाने डोळे उघडले, त्यांच्याकडे बघितलं आणि मिटून घेतले. "बघितलंत?" बुशरा मागून म्हणाली, खुशीत. पोपटरावांनी मान हलवली. त्यांनाही आनंद झाला होता, खोटं नाही. पण नंतर नळाखाली हात धरून ते इतका वेळ उभे राहिले की बुशराला येऊन नळ बंद करावा लागला.

ऑक्टोबरात, पाऊस पूर्ण ओसरल्यावर, तळ्याकाठी चिंचेखाली एक पिंजरा बांधला. आठवडाभर बाराही जण त्यात होते, वरच्या वाघळांचा कालवा ऐकत, वास घेत. मग एका संध्याकाळी बुशराने पिंजऱ्याचं छप्पर उघडलं. त्या दिवशी कुणीच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिघं गेली. तिसऱ्या दिवशी अंधार पडता पडता निळी नखी छपराच्या कडेला आली, पंख पसरून थोडा वेळ तशीच लटकली, आणि सुटली. तळ्यावरून एक वेडीवाकडी चक्कर मारली, वडाच्या एका फांदीला धडकली, दुसरी धरली. पोपटराव हातमोजे घालून खाली उभेच होते, पडलं तर उचलायला. ते पडलं नाही.

पिंजऱ्यावर रोज फळं ठेवायची होती, परत येणाऱ्यांसाठी. ते काम पोपटरावांचं. पहिले काही दिवस सगळी फळं संपायची. कोण खातं ते कळायचं नाही, नेलपॉलिशही झिजत आलेलं. मग अर्धी उरायला लागली. मग एका सकाळी चिकू जसेच्या तसे होते आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या. बुशराने माणसं आणून पिंजरा सोडवून नेला. जाताना म्हणाली, "काका, बाराच्या बारा गेली. असं फार कमी वेळा होतं." तिने टपरीवर चहा पाजला. चहा पिऊन पोपटराव घरी आले, कुकर लावला.

डिसेंबरात चांगुणाबाई आल्या. सहा तारखेला विहारातल्या बायकांबरोबर दादरला जायचं होतं, त्या निमित्ताने आठवडाभर राहिल्या. आल्या दिवशीच भिंतीवरचे डाग घासून काढले. ताटं दोन वाढली जाऊ लागली. एका संध्याकाळी त्या स्वतःच म्हणाल्या, "दाखवा तरी तुमची ती झाडं."

दोघं तळ्याच्या कट्ट्यावर बसले. उजेड गेला तशी झाडं हलायला लागली. एकेक काळी पिशवी सुटून आभाळात जायला लागली. मग दहा-दहा, मग मोजता येऊ नयेत इतकी, खाडीच्या दिशेला.

"बाई, लई हायेत," चांगुणाबाई मान वर करून म्हणाल्या. "आपलं कोणतं?"

"आता नाही सांगता यायचं."

त्या बघत राहिल्या. पोपटरावांना वाटलं, आत्ता काहीतरी बोलावं. राहा म्हणावं. शब्द जुळवेपर्यंत चांगुणाबाईंनी पदर पायांवर ओढून घेतला. "डास फोडायलेत. चला."

रविवारी सकाळी ते त्यांना पुण्याच्या बसवर सोडायला गेले. खिडकीतून चांगुणाबाईंनी विचारलं, "उन्हाळ्यात पुन्हा आणणार का पिल्लू?"

"आलं तर आणावं लागेल."

"मग केयूरला नाही आणता यायचं."

"नाही."

चांगुणाबाईंनी पिशवी मांडीवर सरळ केली. "मी एकटी येऊन जाईन," त्या म्हणाल्या, आणि बस सुटली.

पोपटराव थांब्यावर थोडा वेळ तसेच उभे होते. मग दिघ्याकडची बस आली तीत चढले. केंद्रात एका शिकरा पक्ष्याचा पंख बांधायचा होता आणि बुशराला धरायला माणूस हवा होता.